धरणाच्या अहवालात जाळीचाही हिशेब हवा

जिंतूर तालुक्यातले येलदरी धरण भरले की परभणी, हिंगोली आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांना हायसे वाटते आणि त्याचे दहा दरवाजे उघडले की पूर्णाकाठच्या गावांचा जीव टांगणीला लागतो. पूर्णेवरचे हे मातीचे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. उंची पन्नास मीटरहून थोडी जास्त, लांबी चार किलोमीटरच्या पुढे, पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजघर आणि खाली लगेच सिद्धेश्वर धरण. ज्या भागाला भूकंपाच्या दृष्टीने फारसे कुणी विचारत नव्हते, त्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि १० जुलै २०२४ रोजी पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा. दोन्ही वेळा परभणी-नांदेडपर्यंत भांडी वाजली. धरणाला काही होणार नाही ना, हा प्रश्न अशा वेळी पारावरही विचारला जातो आणि तो रास्तच आहे. ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या धरण सुरक्षितता कायद्याने या प्रश्नाला कायदेशीर रूपही दिले आहे. अस्तित्वात असलेल्या प्रत्येक निर्दिष्ट धरणाचे सर्वंकष सुरक्षितता मूल्यमापन स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाकडून पाच वर्षांच्या आत, म्हणजे २०२६ अखेरपर्यंत, करून घ्यायचे आहे. महाराष्ट्रात देशातील सर्वाधिक, दोन हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत. म्हणजे अहवालांचे गठ्ठेच्या गठ्ठे तयार होणार. त्यातल्या ज्या अहवालांत संगणकावर केलेले ताणांचे विश्लेषण असेल, त्यांच्याकडून एक गोष्ट सक्तीने मागावी: हिशेबासाठी धरणाचे जे तुकडे पाडले, ते आणखी बारीक केल्यावर उत्तर किती बदलले, याचा तक्ता. तो नसेल तर लाल-पिवळ्या-निळ्या रंगांच्या त्या देखण्या चित्राला पुरावा मानू नये.

हे तुकडे म्हणजे काय ते आधी पाहू. धरणासारख्या आडव्यातिडव्या आकाराच्या बांधकामात पाण्याचा दाब, स्वतःचे वजन आणि भूकंपाचे हादरे यांनी कुठे किती ताण येतो, याचे थेट सूत्र नसते. म्हणून अभियंता बांधकामाचे छेदचित्र चौकोनी किंवा त्रिकोणी कप्प्यांत वाटतो. यालाच जाळी किंवा मेश म्हणतात. प्रत्येक कप्प्याच्या आत हालचाल अगदी साध्या, बहुधा सरळ रेषेतल्या नियमाने बदलते असे तो गृहीत धरतो आणि हजारो समीकरणे संगणकाला सोडवायला देतो. ही फायनाईट एलिमेंट पद्धत. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाचे रे क्लॉ यांनी १९६० मध्ये तिला हे नाव दिले आणि दोनच वर्षांनी त्यांनी व त्यांचे विद्यार्थी एडवर्ड विल्सन यांनी अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातल्या नॉरफोर्क या भेग पडलेल्या काँक्रीट धरणावर ती वापरली. म्हणजे ही पद्धत धरणांच्या घरातच वाढली. तिची मर्यादाही तेव्हापासून ठाऊक आहे. शेताची लेव्हल शंभर-शंभर फुटांवर घेतली तर मधली ओघळ नकाशावर येत नाही. जाळीचेही तसेच असते. दोन गाठींच्या, म्हणजे कप्प्यांच्या कोपऱ्यांच्या, मध्ये ताण अचानक चढत असेल आणि कप्पा मोठा असेल, तर तो चढ उत्तरात सपाट होऊन जातो. आकडा चार दशांश स्थळांपर्यंत छापून येतो, चित्रात रंग सुंदर मिसळतात आणि आपण काय चुकवले याची कुणालाही शंका येत नाही.

ही चूक कोणत्या बाजूला झुकते, हे सामान्य वाचकालाही कळायला हवे. नेहमीच्या प्रकारच्या कप्प्यांत, ठरावीक भाराखाली, जाड जाळी बांधकामाला असते त्यापेक्षा जास्त ताठ दाखवते. ताठ दाखवले म्हणजे वाकणे कमी दिसते आणि जिथे ताण साचतो तिथला आकडाही बहुतेक वेळा कमी येतो. ही चूक किती मोठी असू शकते याचा हिशेब पाठ्यपुस्तकात सापडतो. चार गाठींचा साधा चौकोनी कप्पा निव्वळ वाकवला तर तो खऱ्यापेक्षा जवळपास दीडपट ताठ वागतो; आणि मेहनत वाचवण्यासाठी तोच कप्पा उंचीच्या दहापट लांब घेतला तर तब्बल चाळीसपटीच्या आसपास. दगडी सांडव्याच्या मधोमध, जिथे ताण हळूहळू बदलतो, तिथे जाड कप्पे चालून जातात. पण गोल भोकाभोवती चालत नाहीत. जर्मन अभियंता किर्श यांनी १८९८ मध्येच दाखवले होते की ओढलेल्या रुंद पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. म्हणून नवे सॉफ्टवेअर तपासताना आजही सगळे हा तिपटीचा आकडा गाठून पाहतात. भोकाभोवती दोन-तीनच कप्पे ठेवले तर उत्तर तीनच्या बरेच खाली राहते, कप्पे बारीक करत गेले की ते तीनकडे सरकते आणि मग तिथेच थांबते. हे थांबणे म्हणजेच कन्व्हर्जन्स. उत्तर बरोबर आले म्हणून नव्हे, ते हलायचे थांबले म्हणून आपण त्यावर भरवसा ठेवतो. धरणात तर खरे उत्तर आधी कुणालाच माहीत नसते, त्यामुळे तिथे दुसरा आधारही नाही.

जाळीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत नॉर्वेने मोजली आहे. उत्तर समुद्रात ८२ मीटर खोल पाण्यात बसवायच्या स्लाइपनर-ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत चाचणीसाठी पाण्यात उतरवला जात होता. चोवीस नळकांडी कोठ्या एकमेकींना चिकटलेल्या आणि तीन कोठ्यांच्या मध्ये उरणारी छोटी त्रिकोणी पोकळी. सुमारे ६५ मीटर खोलीवर त्यातल्याच एका पोकळीची भिंत फुटली, पंप हरले आणि अख्खे बांधकाम बुडून खाडीच्या तळाशी चिरडले गेले. तो धक्का भूकंपमापकांवर तीन तीव्रतेचा नोंदला गेला. माणसे वाचली, नुकसान सुमारे सत्तर कोटी डॉलरचे झाले. चौकशीत निघाले ते असे की त्या त्रिकोणी पोकळीच्या भिंतीवर मोजके, वेडेवाकडे कप्पे टाकल्याने तिथला कातरणारा ताण ४७ टक्क्यांनी कमी निघाला होता. त्यात सळ्यांची मांडणीही अपुरी पडली. मग तीच भिंत बारीक जाळीने तपासली तेव्हा ती ६२ मीटरवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात फुटली ६५ वर. म्हणजे पद्धत उत्तम होती, सॉफ्टवेअर नावाजलेले होते, संगणकाने हिशेबही चुकवला नव्हता. कप्पे अजून लहान केले तर आकडा कुठे जातो, एवढेच कुणी वेळेत विचारले नाही. एक हात-हिशेबही पुरला असता, आणि पुढे नवा तळ उभा करताना बांधकाम कंपनीने संगणक बाजूला ठेवून स्लाइड रूलच्या काळातल्या रीतीच वापरल्या, ही गोष्ट या क्षेत्रातले लोक आजही थोड्या गमतीने आणि थोड्या धाकाने सांगतात.

आता इथे एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो: बारीक करा, अजून बारीक करा, झाले. तो निष्कर्ष चुकीचा का, हे दाखवणारे सर्वात प्रसिद्ध उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली. १०३ मीटर उंच कोयना धरण उभे राहिले, पण त्याच्या अनेक उंच खंडांत दोन्ही बाजूंना आडव्या भेगा पडल्या आणि त्या एका विशिष्ट उंचीच्या आसपास होत्या. पायापासून सुमारे ६६ मीटरवर धरणाच्या मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो. वर जवळपास उभा, खाली चांगलाच निजलेला. भेगा त्या बदलाच्या आसपास. बर्कलेचे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फायनाईट एलिमेंट पद्धतीने दाखवले की खेचणारा ताण नेमका त्याच पट्ट्यात काँक्रीटच्या ताकदीपलीकडे जात होता. तेव्हापासून कोयना हे जगभरातल्या संशोधकांचे परीक्षेचे धरण झाले आहे. भेगांच्या गणिताचे नवे प्रारूप कुणी मांडले की ते आधी कोयनेवर चालवून पाहतात. एका प्रसिद्ध व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतही ते सोडवलेले उदाहरण म्हणून दिलेले आहे. सातारा जिल्ह्यातल्या आपल्या धरणाची ही ओळख महाराष्ट्रात मात्र फारशी कुणाला नाही.

त्या उताराच्या बदलाशी धरणाची बाह्यरेषा साधारण तीस अंशांनी आत वळते. अशा आत वळलेल्या तीक्ष्ण कोपऱ्यावर, पदार्थ कधी फुटतच नाही असे धरून हिशेब केला, तर ताण गणिताने अनंत होतो. हे विल्यम्स यांनी १९५२ मध्ये सिद्ध केले. त्यांच्या सूत्रात कोयनेचा कोन घातला तर काय होते पाहा: त्या कोपऱ्याजवळचा कप्पा प्रत्येक वेळी निम्मा केला की तिथला ताण दर वेळी जवळपास पाचव्या हिश्शाने चढतो आणि हे चढणे कधीच थांबत नाही. म्हणजे कोपऱ्यावरचा सर्वात मोठा आकडा उचलून अहवालात लिहिला तर तो धरणाविषयी काहीच सांगत नाही. अभियंत्याने कप्पा किती लहान घेतला, एवढेच सांगतो. जाड जाळी घेणाऱ्याला धरण सुरक्षित दिसेल, बारीक जाळी घेणाऱ्याला तेच धरण मोडलेले दिसेल आणि दोघेही चूक. अशा ठिकाणी विचारायची गोष्ट बदलावी लागते. त्या पातळीवरच्या संपूर्ण आडव्या छेदावर एकूण किती बल आणि किती वाक येतो, हे आकडे जाळी बारीक केल्यावर स्थिरावतात, म्हणून ते वापरावेत. किंवा भेग पडायला आणि वाढायला काँक्रीट किती ऊर्जा खाते, हे गणितात घालावे. स्वीडनचे हिलरबोर्ग यांनी १९७६ मध्ये आणि बाझांट यांनी १९८३ मध्ये हा रस्ता दाखवला. तो न घेता नुसते 'ताकद संपली की ताण कमी' असे सांगितले, तर जाळी बारीक करताच भेगेला लागणारी ऊर्जा शून्याकडे घसरते आणि धरण कागदावर उगाचच ठिसूळ होते. येलदरीसारख्या धरणाच्या सांडव्याकडे पाहिले तर असे कोपरे तिथेही असतात: पाण्याच्या बाजूची टाच जिथे खडकाला मिळते तिथे, तपासणी बोगद्याच्या कोपऱ्यात, दरवाजांचे ओझे पेलणाऱ्या खांबांच्या खाचांत.

म्हणून मागायचा तक्ता कसा असावा, हे ठरवणे अवघड नाही. एकच बांधकाम, एकच भार, तीन जाळ्या. प्रत्येक पुढच्या जाळीतले कप्पे आधीच्या निम्म्या आकाराचे. कोणत्या ठिकाणचा कोणता आकडा पाहिला, ते आधी लिहायचे. समजा सांडव्याच्या एका सपाट भागात खेचणारा ताण तीन जाळ्यांत २.०, २.४ आणि २.५ मेगापास्कल आला. पहिला फरक ०.४, दुसरा ०.१; फरक चौथाई होत चालला आहे, म्हणजे खरे उत्तर २.५३ च्या आसपास आहे असे सरळ त्रैराशिकाच्या थाटात सांगता येते. हा हिशेब रिचर्डसन यांनी १९११ मध्ये मांडला. तो मांडायला संगणकही लागत नाही. पण आकडे २.०, २.४ आणि २.८८ असे आले, तर फरक कमी होण्याऐवजी वाढतो आहे. तिथे लेखकाने ताबडतोब लिहावे की हा कोपरा आहे, इथला ताण निकष म्हणून वापरलेला नाही, त्याऐवजी अमुक पाहिले. दोन वाक्ये आणि तीन आकडे. शाखा अभियंत्याला ते कळतात, जिल्हाधिकाऱ्याला कळतात आणि गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवले तरी कळतील. चौथा आकडा हात-हिशेबाचा असावा: साध्या छेदावर वजन आणि पाण्याचा दाब घेऊन काढलेला ताण. संगणकाचे उत्तर त्याच्या दुपटीने किंवा निम्म्याने निघाले, तर कुणाचे चुकले ते आधी शोधायचे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, आणि तो वजनदार आहे: साठ वर्षांच्या दगडी-चुन्याच्या किंवा जुन्या सिमेंटच्या बांधकामाची खरी ताकदच वीस-तीस टक्क्यांच्या अचूकतेने माहीत नसते, भूकंपाचा हादरा किती येईल याचा अंदाज त्याहूनही ढिला, मग जाळीच्या दहा टक्क्यांची एवढी चिकित्सा कशाला? मान्य, पदार्थाची अनिश्चितता मोठी आहे. पण ती कमी करायला कोअर काढावे लागतात, प्रयोगशाळेत पाठवावे लागतात, पाहणीला वर्ष लागते. जाळीची अनिश्चितता काही तासांच्या संगणक-वेळात जवळपास पुसता येते. जी चूक स्वस्तात काढता येते ती ठेवायची आणि जी महाग आहे तिच्या आड लपायचे, हे कोणत्या हिशेबात बसते? शिवाय पदार्थाची चूक दोन्ही बाजूंना जाऊ शकते, तर जाळीची चूक बहुतेक वेळा एकाच बाजूला, म्हणजे 'सगळे ठीक आहे' या बाजूला झुकते. स्लाइपनरची ४७ टक्के चूक पदार्थाच्या कोणत्याही नेहमीच्या शंकेपेक्षा मोठी होती, हेही विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप स्थानिक आहे. येलदरी मातीचे धरण आहे; मातीच्या भरावाची स्थिरता घसरत्या वर्तुळाच्या जुन्या पद्धतीने तपासतात, तिथे जाळीच नाही. यात तथ्य आहे आणि भरावाच्या उताराची नेहमीची तपासणी त्याच पद्धतीने व्हावी, असेच मीही म्हणेन. पण सांडव्याचे पक्के बांधकाम, त्याला भराव जिथे मिळतो तो सांधा आणि भूकंपात भराव किती खचेल हा प्रश्न, या तिन्ही ठिकाणी संगणकाचे विश्लेषण मागवलेच जाईल. भरावातही दोन सापळे आहेत. मातीची ताकद टप्प्याटप्प्याने कमी करून भराव कधी कोसळतो हे पाहणाऱ्या संगणकीय पद्धतीत जाड जाळी सुरक्षितता-गुणक वाढवून दाखवते. म्हणजे पुन्हा तीच बाजू. दुसरा सापळा थरांचा. क्लॉ आणि वुडवर्ड यांनी १९६७ मध्ये दाखवले की मातीचा अख्खा भराव एका झटक्यात उभा केला असे धरले तर सर्वाधिक खचणे माथ्यावर दिसते. प्रत्यक्षात जसा थरावर थर टाकतात तसा हिशेब केला तर ते मध्यावर येते. जाळीबरोबर थरांची संख्या वाढवून उत्तर स्थिरावते का, हेही म्हणूनच विचारावे लागते.

आता सॉफ्टवेअर स्वतःच जाळी घालते, चूक मोजून हवी तिथे बारीक करते, मग माणसाने काय पाहायचे, असेही म्हणतात. झिएंकिविक्झ आणि झू यांनी १९८७ मध्ये त्रुटी मोजण्याची जी युक्ती दिली, ती आज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि उपयोगी आहे. पण कोयनेच्या कोपऱ्यावर ती सोडली तर ती तिथे बारीक करतच राहते, कारण तिला थांबायचे कळत नाही. कोपरा खरा आहे की रेखाटनाचा दोष, हे ती सांगू शकत नाही. आणि खर्चाचे म्हणाल तर अख्खे चार किलोमीटरचे धरण बारीक करायची गरज नाही. जिथे ताण साचतो तेवढाच भाग वेगळा काढून बारीक जाळीने सोडवता येतो. आजच्या साध्या कार्यालयीन संगणकावर हे काम रात्रभरात होते. माणसांची कमतरता खरी आहे. पण नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे, पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा आहे, नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. एकाने केलेले विश्लेषण दुसऱ्याने वेगळ्या जाळीने उलटून पाहावे, यासाठी परदेशी सल्लागाराची वाट पाहायला नको.

राहिला तो आक्षेप की असा तक्ता प्रसिद्ध केला तर लोक घाबरतील. लोक आज घाबरतात ते हादरा बसल्यावर व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या निनावी चित्रफितींनी. तीन आकडे एकमेकांजवळ आलेले पाहून घाबरणारा माणूस सापडणे कठीण. ते जवळ आले नसतील तर घाबरायला कारणच आहे आणि ते मूल्यमापन करणाऱ्यांखेरीज कुणाला कळणे बरे नव्हे, हे म्हणणे मला पटत नाही. मूल्यमापनाच्या कामाच्या अटींत नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेने एक कलम घालावे: ताणांच्या प्रत्येक संगणकीय विश्लेषणासोबत किमान तीन जाळ्यांचा तक्ता, पाहिलेल्या जागेचे नाव, कोपऱ्यांची वेगळी यादी आणि एक हात-हिशेब. हे कलम नसेल तिथे येलदरीपासून कोयनेपर्यंतच्या कोणत्याही धरणाच्या अहवालातील रंगीत चित्रे तज्ज्ञ मंडळाने न पाहता परत पाठवावीत.